उंटावरून शेळ्या

दिवाळी जवळ आली की आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरून वेताळ टेकडी सोन्याची दिसते. पाऊस जाऊन दोनतीन आठवडे झालेले असतात. गवत पिकून पिवळे पडलेले असते. सकाळच्या तिरप्या उन्हात वारा सुटला की सबंध उतारावरून एक लाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत जाते. पूर्वी सहामाहीचे पेपर तपासताना मी मधूनच मान वर करून ते सोने डोळे भरून पाहत असे. त्या पाच मिनिटांत एखाद्या मुलाला दोन गुण जास्त पडले असतील, तर ते टेकडीने दिलेले समजावेत.

आता तसे होत नाही. आता ते पिवळे गवत पाहिले की पोटात गोळा येतो. मला तिथे सोने दिसत नाही, सरपण दिसते.

हा फरक कसा पडला त्याची ही हकिगत. तिच्यात दोन वणवे आहेत आणि त्या दोन वणव्यांच्या मध्ये पंधरा शेळ्या, दोन गाई, त्यांना राखणारी एक म्हातारी आणि एक शहाणी मास्तरीणबाई आहे. ती मास्तरीणबाई म्हणजे मीच. शहाणी हा शब्द मी कोणत्या अर्थाने वापरला आहे, ते पुढे कळेलच.

पहिला वणवा २०१८ च्या मार्चमधला. कोणी विडी टाकली, की नवे गवत चांगले येते या जुन्या समजुतीने कोणी मुद्दामच काडी लावली, ते शेवटपर्यंत कळले नाही. आपल्याकडच्या टेकड्यांवर वणवा आपसूक क्वचितच लागतो. तो बहुधा माणसाच्याच हातून लागतो. संध्याकाळी शाळा सुटली तेव्हा वर धुराची रेघ दिसत होती. अंधार पडेपर्यंत उतारावर आगीची एक वेडीवाकडी माळ चढू लागली होती. आमच्या नववीतली काही मुले ओल्या फांद्या घेऊन वर धावली. रात्री उशिरा ती काळी तोंडे घेऊन खाली आली.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. सगळा उतार काळाठिक्कर पडला होता. त्या काळ्यावर ठिकठिकाणी पांढरे ठिपके होते. वाकून पाहिले तर ते गोगलगायींचे शंख होते. आतला जीव भाजून गेला होता आणि शंख तेवढे चुन्यासारखे पांढरे होऊन उरले होते. एक टिटवी त्या राखेवरून ओरडत हिंडत होती. मी तिथेच एका दगडावर बसून रडले. मुलांपैकी कोणी बरोबर नव्हते हे बरे झाले.

पण टेकडी माझ्याइतकी हळवी नव्हती. मेच्या अखेरीस, पावसाचा एक थेंबही पडला नसताना, जळक्या खुंटांच्या बुडाशी हिरवे कोंब दिसू लागले. गवताचा वणवा झपाट्याने पुढे पळत जातो. वरचे सारे तो खाऊन टाकतो, पण मातीत त्याची धग फार खोल उतरत नाही. जमिनीखाली मुळे शाबूत असतात आणि तिथे झाडाची सगळी शिल्लक पुरून ठेवलेली असते. धायटी, मुरुडशेंग, कुडा, बोर, करवंद, पळस हे सारे त्या शिल्लकेवर पुन्हा संसार मांडतात. कुसळी गवताची तर युक्तीच वेगळी. त्याच्या बियांना लांब शेपट्या असतात. दमट हवेत त्या शेपट्या पीळ सोडतात, कोरड्या हवेत पुन्हा वळतात आणि बी स्वतःला स्क्रूसारखे मातीत फिरवून घेते. आग वरून निघून जाते आणि बी खाली सुखरूप निजलेले असते.

मी वर्गाला घेऊन वर गेले. मुलांनी एकेक खुंट वाटून घेतला. कोणाचा पळस, कोणाची धायटी. एका मुलीला काहीच उरले नाही, तेव्हा तिने अंजनाचे एक बोटभर रोप शोधून काढले. ते खुंटावरचे नव्हते. ते बियांतून नुकतेच उगवलेले होते. "बाई, हे माझं," ती म्हणाली. तिने त्याभोवती चार दगड मांडले.

आठ दिवसांनी गेलो, तर निम्म्या खुंटांवरचे कोंब नाहीसे झाले होते. कात्रीने कापावेत तसे ते तुटले होते. आणि थोड्या अंतरावर पंधरा शेळ्या आमच्याकडे पाहत शांतपणे रवंथ करीत होत्या.

त्यांच्याबरोबरची म्हातारी मला वर्षानुवर्षे दिसत असे. तिला सगळे आजी म्हणत. पायथ्याच्या वस्तीतून ती सकाळी जनावरे घेऊन निघे आणि उन्हे उतरली की परत येई. दसऱ्याच्या आधी गवत कापून भारे बांधी आणि म्हशीवाल्यांना विकी. मी तिला म्हटले,

"आजी, नुकती कुठे पालवी फुटलीय. थोडे दिवस शेळ्या दुसरीकडे न्या ना."

"कुठं न्यू, बाई?" ती म्हणाली.

तो प्रश्न होता, पण मला ती सबब वाटली. आयुष्यभर मुलांच्या सबबी ऐकल्या की माणसाचा कान असा बिघडतो.

मग आम्ही कुंपण केले. परवानगी काढली आणि वर्गाच्या खोलीएवढा एक तुकडा काटेरी फांद्यांनी चारी बाजूंनी बंद केला. अंजनाचे ते रोप आत आले. पाऊस पडला, टेकडी हिरवी झाली. सहामाही परीक्षा संपल्यावर आम्ही कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे पाहायला गेलो. फरक आंधळ्यालाही कळावा असा होता. आत मुरुडशेंग कमरेला लागत होती, धायटीचे झुडूप झाले होते आणि अंजनाचे रोप वीतभर वाढले होते. बाहेर तीच झुडपे घोट्याएवढी होती. पुनःपुन्हा खुडल्यामुळे ती खुरटून जमिनीलगत दाट झाली होती. बाहेर ताठ मानेने उभी होती ती घाणेरी, रुई आणि वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडे. आमच्याकडच्या शेळ्या या तिघांना सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणजे वणवा सगळ्यांना सारखा जाळून गेला होता आणि पुढे कोणी वाढायचे, कोणी नाही, याची निवड शेळीने केली होती. चवीचे होते ते संपले, कडू होते ते उरले.

माझा निष्कर्ष तयार झाला. वणवा हा चोर, एकदा येऊन जातो. शेळी ही घरभेदी, रोज येते. मी मुलांना निबंधाला विषय दिला, 'टेकडीचा खरा शत्रू'. आणि एक अर्ज लिहिला. अर्ज चांगला उतरला होता. कादंबऱ्या लिहिण्याचा एवढा तरी उपयोग होतो. त्यात आजीचे नाव नव्हते, पण टेकडीच्या त्या बाजूला जनावरे चारणारे दुसरे होते कोण? २०१९ च्या जानेवारीपासून त्या उतारावर गुरे चारणे आणि गवत कापणे दोन्ही बंद झाले. स्नेहसंमेलनात मुलांनी कुंपणाची प्रतिकृती मांडली आणि पाहुण्यांनी माझे कौतुक केले.

त्या वर्षी पुण्याला पावसाने धुऊन काढले. सप्टेंबरात तर शहरातले ओढे घरांत शिरले. टेकडीवरचे गवत माझ्या खांद्याला लागले. खायला कोणी नव्हते, कापायला कोणी नव्हते. दिवाळीत ते पिकून असे झळाळत होते की मी पाहुण्यांना मुद्दाम गच्चीवर नेऊन दाखवले.

२०२० च्या फेब्रुवारीत दुसरा वणवा लागला.

पहिला वणवा पावलांनी चढला होता, हा धावत गेला. ज्वाळा माणसाच्या डोक्यावर जात होत्या. ओल्या फांद्या घेऊन निघालेल्या मुलांना मी अर्ध्या वाटेवरून ओरडून परत बोलावले. सकाळी आम्ही कुंपणाच्या जागी गेलो. बाहेरच्यापेक्षा आतच अधिक जळले होते. दोन पावसाळ्यांचे गवत आत साचले होते आणि वाळलेल्या काटेरी फांद्यांनी त्याला चुलीसारखे चोहोबाजूंनी धरून ठेवले होते. मुरुडशेंगेचे खुंट कोळसा झाले होते. अंजनाच्या जागी चार दगड होते आणि मध्ये राख. ती मुलगी आता अकरावीला होती, पण आली होती. ती काही बोलली नाही. तिने दगड एकेक करून उचलले आणि बाजूला ठेवले.

पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली आणि शाळाच बंद झाली.

माझा एक जुना विद्यार्थी वनस्पतिशास्त्र शिकवतो. २०२१ च्या दिवाळीत तो फराळाला आला, तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. त्याने चकली खाता खाता दोन गोष्टी सांगितल्या. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. पण गोष्ट चांगली असली की ती कोणालाही कळते.

पहिली गोष्ट कॅलिफोर्नियातली. तिथल्या टेकड्यांवर सुवासिक पानांची झुडपे असतात. १९६० च्या दशकात तिथल्या अभ्यासकांनी पाहिले, की या झुडपांभोवती दोनतीन हात रुंदीचा उघडा पट्टा असतो. त्यात गवताचे पातेही नसते. मुलर नावाच्या शास्त्रज्ञाने म्हटले की झुडपाच्या पानांतून उडणारी विषारी द्रव्ये गवताला मारतात. वणव्यात झुडपे जळाली की तो पट्टा हिरवा होई, म्हणून त्याला वाटले की विषही आगीत जळाले. सगळ्यांना ते पटले. मग १९७० मध्ये बार्थोलोम्यू या दुसऱ्या अभ्यासकाने एक साधी गोष्ट केली. त्याने त्या उघड्या पट्ट्यावर तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्याखाली गवत उगवले. ससे आणि उंदीर झुडपाच्या आडोशाला राहत होते आणि भीतभीत बाहेर येऊन जवळचे तेवढे खाऊन परत पळत होते. झुडूप जळाले की त्यांचा आडोसाच गेला. मग त्या उघड्यावर कोण येणार? विषाचा वाटा अगदीच नसेल असे नाही, तो म्हणाला, पण खाणारे तोंड कोणी पाहिलेच नव्हते.

"म्हणजे माझेच खरे," मी म्हटले. "खाणाऱ्यावर सगळे अवलंबून."

"थांबा बाई, दुसरी ऐका."

दुसरी आफ्रिकेतली, सेरेंगेटीच्या गवताळ रानाची. १८९० च्या सुमारास तिथे गुरांचा बुळकांड्या रोग पोहोचला. गुरे तर मेलीच, पण रानातले विल्डेबीस्ट म्हणजे गाईसारखे दिसणारे हरणांचे कळपही मेले. रोग पुढे कित्येक दशके त्यांना वाढू देईना. खाणारे गेले, तेव्हा गवत माजले आणि दरसालचे वणवे मोठे झाले. त्या वणव्यांत झाडांची पोरे तगेनात. मग गुरांना लस टोचणे सुरू झाले, १९६० च्या दशकात रोग हटला आणि १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेले विल्डेबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाल्ले. गवत उरले नाही तेव्हा वणवे आटले, आणि वणवे आटले तेव्हा झाडे पुन्हा वाढली. तोंडे वाढली आणि झाडेही वाढली!

"आता तुमचीच टेकडी पाहा," तो म्हणाला. "गाय गवत खाते. शेळी झुडूप ओरबाडते, पण पावसाळ्यात कोवळे गवतही खाते. आजी कापून नेत होती ते वेगळेच. वणव्यानंतरच्या पहिल्या पावसात त्यांनी नुकसान केले हे खरे. जळक्या रानावरची पालवी मऊ आणि रसाळ असते, तिच्यावर कोणतेही जनावर तुटून पडते. पण नंतरच्या वर्षांत तीच तोंडे दुसऱ्या वणव्याचे सरपण कमी करीत होती. तुम्ही त्यांना पहिल्या पावसाळ्यात थांबवू शकला नाहीत, आणि थांबवले ते नेमके त्यांनी यायला हवे होते तेव्हा."

आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात. ही म्हण मी वीस वर्षे मुलांना अर्थासकट लिहून देत आले. वाक्यात उपयोग मात्र स्वतःच करून दाखवला.

आजीला शोधायला मला आणखी काही महिने लागले. घर शोधणे सोपे होते, जायला धीर होत नव्हता. २०२२ च्या उन्हाळ्यात गेले. वस्तीच्या टोकाला तिची खोली. बाजूला शेळ्यांचे मोकळे वाडगे. त्यात बाभळीची रोपे दाटीने उगवली होती. शेंगा शेळ्यांनी खाल्लेल्या, बिया लेंड्यांतून पडलेल्या. पोटातून गेलेली बी लवकर रुजते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. माणसाच्या हातून माझ्या कुंपणात जेवढे जगले नाही, तेवढे त्या वाडग्यात शेळ्या जाता जाता लावून गेल्या होत्या.

"बाई, बसा," म्हणून तिने पोते टाकले. शेळ्या विकल्या होत्या. गाई आधीच गेल्या होत्या. एक पाट तेवढी ठेवली होती, चहाच्या दुधापुरती. अर्ज कोणी केला हे तिला ठाऊक होते. आल्याबरोबर मी ते बोलून टाकावे असे ठरवून गेले होते, पण तिनेच मला त्या कष्टातून सोडवले.

"तुमचं खोटं न्हवतं," ती म्हणाली. "जळाल्यावर एक पावसाळा रान सोडावं, ह्ये मला ठावं न्हाय व्हय? माझा बाप मेंढरं राखायचा. जळकं रान दिसलं की कळप पल्याडच्या डोंगराला न्यायचा. दसऱ्यापातुर इकडं फिरकायचा न्हाय. म्याबी न्हेल्या असत्या. पर पल्याडचा डोंगर ऱ्हायलाय कुठं?"

मी तिच्या दारातून पाहिले. पल्याड बावधन होते. माझ्या लहानपणी ते खेडे होते. आता उताराच्या निम्म्यापर्यंत इमारती चढल्या आहेत. "कुठं न्यू, बाई?" हा प्रश्न चार वर्षांपूर्वी मला नुसता ऐकू आला होता. तो त्या दिवशी कळला.

माणदेशातले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन कोकणच्या वाटेला लागतात आणि पावसाआधी परततात. वाटेत शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला सांगतात, खताच्या मोबदल्यात धान्य देतात. त्या चालण्याकडे आपण गरिबीची फरपट म्हणून पाहतो. त्यात गरिबी आहेच, पण त्यात एक हिशेबही आहे. तोंडे हलती राहिली की रानाला श्वास घ्यायला सवड मिळते. आजीच्या शेळ्या वाईट नव्हत्या. त्या अडकल्या होत्या. एकाच टेकडीवर, एकाच म्हातारीबरोबर, चारी बाजूंनी शहर. आणि जळलेल्या टेकडीला हवी होती ती फक्त एका पावसाळ्याची सवड. ती शेळीने हिरावली असे मी लिहून दिले. ती हिरावणाऱ्या शहरात माझेही दोन खोल्यांचे घर आहे, हे अर्जात लिहायचे राहून गेले.

मी नवा अर्ज केला. पहिल्यापेक्षा साधा. जळालेला भाग एक पावसाळा बंद ठेवावा, बाकीच्या भागात गवत कापू द्यावे, थोडी जनावरे येऊ द्यावीत, एवढेच. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. गवताचे पट्टे कापून आगीला अडवणाऱ्या जाळरेषा काढायची परवानगी मात्र तोंडी मिळाली आहे. म्हणून आता दरवर्षी दिवाळीच्या सुटीत, किल्ले बांधून झाले की, आमची मुले विळे घेऊन वर येतात. ती अंजनाची मुलगी आता नोकरी करते. गेल्या वर्षी तीही आली होती.

दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेने करतो. गाय-वासराला ओवाळतो. शेळीला कोणी ओवाळीत नाही. गेल्या वसुबारसेला मी मुलांबरोबर कापलेल्या गवताचा एक भारा घेऊन आजीकडे गेले. भारा मोठा होता, मला थोडा अभिमानही वाटत होता. आजीने तो सोडला, मूठभर गवत उचलले, बोटांनी चाचपले आणि आपल्या शेळीपुढे धरले. शेळीने हुंगले आणि मान वळवली.

"कुसळ धरलंय, बाई," आजी म्हणाली. "आता हिला घशात टोचंल. ह्ये घट बसायच्या आधी कापायचं असतंय. तवा या, दावते."

मी यंदा घटस्थापनेच्या आधी गेले होते. तिने विळा कसा धरायचा इथपासून सुरुवात केली.